आधी चाकाची वाट, मग बाकीचं

वाटेत १२ सेंटिमीटर उंचीचा दगड आहे आणि ५८ सेंटिमीटर व्यासाचं चाक त्यावर येऊन आदळतं. टायर दबत नाही असं हिशेबापुरतं धरलं, तर पहिल्या स्पर्शाला दगडाचा धक्का उभ्या रेषेपासून सुमारे ५४ अंश मागे कललेला असतो. चाक जितक्या जोराने वर ढकललं जातं, त्याच्या जवळजवळ १.४ पट जोराने ते मागे ढकललं जातं. त्याच दगडावर डकार रॅलीतल्या मोठ्या गाडीचं ३७ इंची चाक आलं, तर हा कल ४२ अंशांवर येतो आणि मागचा जोर वरच्या जोरापेक्षा थोडा कमीच भरतो.

ऑफ-रोड शर्यतीच्या गाडीचं सस्पेंशन आखायला बसणाऱ्याने हा हिशेब सगळ्यात आधी करावा, असं माझं मत आहे. सस्पेंशनच्या जॉमेट्रीवरची बहुतेक पुस्तकं डांबरी ट्रॅकवरच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. विल्यम आणि डग्लस मिलिकन या पितापुत्रांचा १९९५ चा ग्रंथ आजही प्रत्येक संघाच्या कपाटात असतो आणि असायलाच हवा. पण त्यातला मुख्य प्रश्न वळणाचा आहे: गाडी कलली तरी टायर जमिनीला सपाट कसा राहील? खडकाळ, वाळूच्या किंवा चिखलाच्या वाटेवर त्याआधी दुसरा प्रश्न उभा राहतो. चाक वर जाताना नेमकं कुठून जातं, आणि जाता जाता आपलं तोंड कुठे फिरवतं? आर्मची लांबी, त्यांचा कल, टाय रॉडची जागा, मागच्या शाफ्टचे सांधे, सगळं या प्रश्नाच्या उत्तराभोवती ठरतं. रोल सेंटर आणि कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा कल, त्यानंतर येतात.

आधी मुळात चाकं स्वतंत्र का हवीत ते पाहू. दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलला जोडलेली असली आणि एक चाक खड्ड्यातून वर आलं, की सगळा ॲक्सल तिरका होतो. फिरत्या चाकाचा कल असा अचानक बदलला, की ते भोवऱ्याच्या नियमाने आडवं वळायला बघतं. त्यातून समोरच्या चाकांची ती ओळखीची थरथर सुरू होते, जिला गॅरेजमध्ये वॉबलिंग म्हणतात. १९३० च्या सुमारास मोटारींचा वेग वाढला तसा हा त्रास असह्य झाला. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये आलेल्या मॉरिस ऑली यांनी त्यावर पद्धतशीर काम केलं आणि १९३४ च्या मॉडेलांपासून त्या कंपनीच्या गाड्यांना स्वतंत्र पुढची चाकं मिळाली. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवल्या तर उंचवटा ओलांडल्यावर गाडी डोलत राहत नाही, हेही ऑली यांनीच प्रयोगातून दाखवलं. उड्या मारत जाणाऱ्या आजच्या बग्गीत ते तत्त्व अजून उपयोगी पडतं.

दुसरं कारण वजनाचं. अखंड ॲक्सलमध्ये डिफरन्शिअलचा जड गोळा चाकांबरोबर वर-खाली होतो. स्वतंत्र सस्पेंशनमध्ये तो सांगाड्याला बांधलेला असतो. चाकाबरोबर हलणारं वजन कमी असलं की चाक जमीन लवकर सोडत नाही.

तरीही अखंड ॲक्सल मोडीत निघालेला नाही आणि तो काढूही नये. गोव्यात ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, तिथे गाड्या चिखलातून आणि ओढ्यांतून पायी चालण्याच्या गतीने सरकतात. अशा कामात एक चाक वर गेलं की ॲक्सल दुसऱ्याला खाली दाबतो, आणि ते हवंच असतं. भार कितीही पडला तरी डिफरन्शिअलखालची मोकळी जागा तेवढीच राहते. स्वतंत्र सस्पेंशनची गाडी मात्र बसली की पोटही खाली येतं. रस्त्यावरच्या नव्या थारने, २०२० च्या मॉडेलने, पुढे स्वतंत्र डबल विशबोन, म्हणजे वरखाली दोन ए-आर्म, आणि मागे अखंड ॲक्सल असा मध्यममार्ग निवडला. शर्यतीचा वेग वाढतो तसा कौल स्वतंत्र चाकांकडे झुकतो; सरपटण्याच्या कामात तो उलटा फिरतो.

वाळवंटातल्या शर्यतींचा इतिहास मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात सुरू होतो. तिथली हजार मैलांची म्हणून प्रसिद्ध झालेली शर्यत १९६७ मध्ये पहिल्यांदा तिहुआना ते ला पाझ अशी झाली. ती जिंकली व्हिक विल्सन आणि टेड मँगेल्स यांनी, २७ तास ३८ मिनिटांत. त्यांची गाडी होती ब्रूस मायर्स यांची मायर्स मँक्स: फोक्सवॅगन बीटलचा तळ आखूड करून त्यावर फायबरग्लासची बॉडी. हलकी गाडी, मागे इंजिन आणि चारही चाकं स्वतंत्र, एवढ्या भांडवलावर ती जड गाड्यांना पुरून उरली.

पण बीटलच्या त्या चार चाकांत दोन वेगवेगळ्या जॉमेट्री नांदत होत्या आणि एकमेकींच्या विरुद्ध धडे देत होत्या. पुढे प्रत्येक बाजूला दोन ट्रेलिंग आर्म, म्हणजे पुढच्या टोकाला बिजागरी आणि मागच्या टोकाला चाक. अशा आर्मवरचं चाक वर जाताना मागेही सरकतं, दगडाच्या धक्क्याच्या दिशेनेच. कॅम्बर बदलत नाही, दोन चाकांतलं अंतर बदलत नाही. मागे होता स्विंग ॲक्सल, म्हणजे डिफरन्शिअलपाशी सांधा आणि तिथून अख्खा अर्धा ॲक्सल हातासारखा वर-खाली. साठ सेंटिमीटर लांबीचा असा हात १५ सेंटिमीटर वर गेला की चाक १४ अंशांहून अधिक कलतं. उडीत चाकं लोंबली की उलट्या दिशेला कलतात, आणि गाडी त्या अवस्थेत आडवी घसरत जमिनीला टेकली तर बाहेरचं चाक पोटाखाली मुडपून गाडी वर उचलतं. शेवरले कॉर्वेअरच्या निमित्ताने राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये हा दोष साऱ्या अमेरिकेसमोर आणला होता. वाळवंटी बग्ग्यांनी स्विंग ॲक्सल लवकरच टाकून दिला. ट्रेलिंग आर्म मात्र मागच्या चाकांसाठी आजतागायत टिकून आहे.

पुढच्या चाकांसाठी हळूहळू वरखाली दोन ए-आर्म हीच रचना रूढ झाली. बीटलच्या पुढच्या ट्रेलिंग आर्मवर चाकाला मिळणारा वर-खाली प्रवास फार थोडा होता, आणि गाड्यांची भूक वाढत चालली होती. ती भूक का वाढते ते एका उडीच्या गणितात दिसतं. गाडी एक मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर उतरली आणि सस्पेंशनला २५ सेंटिमीटरचा प्रवास मिळाला, तर सरासरी जोर गाडीच्या वजनाच्या पाचपट पडतो. तोच प्रवास ५० सेंटिमीटर असेल तर तिप्पट. सांगाडा, चालकाचा मणका आणि आर्मचे बोल्ट या सगळ्यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. स्कोअर या संस्थेने १९९४ मध्ये बाहातल्या शर्यतींत ट्रॉफी ट्रकचा वर्ग सुरू केला. या ट्रकांच्या पुढच्या चाकांना आज ६० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त प्रवास असतो, मागच्यांना त्याहूनही जास्त.

प्रवास मात्र फुकट मिळत नाही, त्यासाठी रुंदी लागते. आर्म ५० सेंटिमीटरचा आहे आणि आडव्या स्थितीपासून वर-खाली मिळून २५ सेंटिमीटर हलतो असं धरू. टोकाला तो साडेचौदा अंश तिरका होतो आणि चाक १.६ सेंटिमीटर आत ओढलं जातं. प्रवास ३५ सेंटिमीटर केला, तर कोन साडेवीस अंशांवर जातो आणि चाक आत येण्याचं प्रमाण दुप्पट, म्हणजे ३.२ सेंटिमीटर होतं. आत-बाहेर होणारं चाक म्हणजे प्रत्येक उंचवट्यावर आडवं घासणारा टायर. आर्म ६० सेंटिमीटर केला तर तेच २.६ वर येतं. म्हणून चांगल्या बग्गीचं नाक अरुंद असतं: बाहेरून रुंदीला नियमाचं कुंपण असेल, तर आर्मला लांबी आतूनच मिळवावी लागते.

हे कुंपण किती निर्णायक असतं ते डकारच्या नियमांत स्वच्छ दिसतं. २०१५ मध्ये पूझोने २००८ डीकेआर ही फक्त मागच्या चाकांवर चालणारी बग्गी उतरवली. चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना तेव्हा २५० मिलिमीटर प्रवासाची मर्यादा होती. पूझोला ४६० मिलिमीटर आणि ३७ इंची टायर मिळाले. पहिल्या वर्षी गाडी मागे पडली. मग ती रुंद आणि लांब केली, आणि २०१६ ते २०१८ अशी तीन वर्षं ओळीने पूझो जिंकली. दोन चाकांची ताकद सोडून दिली तरी लांब प्रवास आणि मोठा टायर भारी ठरतो, याचा हा धडधडीत पुरावा होता. पुढे आयोजकांनी तोल साधण्यासाठी चारचाकी ताकदीच्या गाड्यांना सवलती दिल्या. २०२२ च्या टी-वन प्लस वर्गात प्रवास, जो तोवर २८० झाला होता, ३५० मिलिमीटर, टायर ३२ वरून ३७ इंच आणि रुंदी २ मीटरवरून २.३ मीटर झाली. तिन्ही आकडे एकदम वाढवले गेले, यात जाणकारी होती. रुंदी तेवढीच ठेवून नुसता प्रवास वाढवला असता, तर आखूड आर्मवर वाकड्या चालीची चाकं मिळाली असती. त्या वर्षी टोयोटा हायलक्सने, पुढे-मागे डबल विशबोन आणि प्रत्येक चाकाला दोन शॉक असलेल्या गाडीने, शर्यत जिंकली.

आता चाकाच्या तोंडाकडे येऊ. माझ्या मते ऑफ-रोड गाडीतला सगळ्यात घातक आणि सगळ्यात दुर्लक्षित दोष म्हणजे बम्प स्टिअर: चालकाने स्टिअरिंग हलवलं नसताना चाक वर-खाली होता होता आपणहून वळणं. त्याचं मूळ अगदी साधं असतं. खालचा आर्म ३५ सेंटिमीटरचा आहे, टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंग रॅकपासून चाकाकडे जाणारी दांडी, ३० चा. दोन्ही जवळजवळ एकाच पातळीत आणि आडवे. चाक दहा सेंटिमीटर वर गेलं की आर्मचं टोक १.४६ सेंटिमीटर आत येतं, टाय रॉडचं १.७२. अडीच मिलिमीटरचा हा फरक चाकाच्या स्टिअरिंग आर्मला ओढतो. तो आर्म दहा सेंटिमीटरचा असेल तर चाक दीड अंश वळतं. टाय रॉड ॲक्सलच्या पुढे असेल तर आतल्या दिशेला, मागे असेल तर बाहेरच्या. ताशी ६० किलोमीटरने ओळीने उंचवटे येत असताना पुढचं प्रत्येक चाक असं दीड-दीड अंश फिरत राहिलं, तर चालक गाडी हाकत नाही, सावरत बसतो.

उपाय पुस्तकात एका वाक्यात असतो. टाय रॉडचा आतला सांधा वरच्या आणि खालच्या आर्मच्या आतल्या बिजागऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर हवा, बाहेरचा सांधा बाहेरच्या दोन बॉल जॉइंटांना जोडणाऱ्या रेषेवर हवा. बाजारात मिळणारी स्टिअरिंग रॅक त्या रुंदीची क्वचितच असते. मग रॅक वर-खाली सरकवून, किंवा टाय रॉडची रेषा दोन्ही आर्मच्या रेषा जिथे मिळतात त्या बिंदूकडे रोखून आणि लांबी जुळवून तडजोड करावी लागते. दोष पूर्ण काढता येत नसेल, तर पुढच्या चाकाने वर जाताना किंचित बाहेर तोंड करणं बरं. वळणात बाहेरचं, दबलेलं चाक थोडं सरळ होतं आणि गाडी बुजत नाही.

कॉम्प्युटरवर आलेख सरळ आला म्हणून काम झालं असं मानू नये, कारण आलेख वेल्डिंग ओळखत नाही. जिगवर जुळवून केलेल्या सांगाड्यातही आर्मचा ब्रॅकेट तापून दोन-तीन मिलिमीटर ओढला जातो. खरी मोजणी गाडीवरच करावी लागते आणि ती एका दुपारचं काम आहे. गाडीला घोड्या लावून चारही चाकं सोडवायची. स्टिअरिंग सरळ ठेवून घट्ट बांधायचं. पुढचा शॉक काढायचा, कारण स्प्रिंग असताना जॅकवर आर्म सगळा प्रवास करणार नाही. हबवर चाकाच्या जागी ॲल्युमिनियमची सपाट पट्टी बोल्टने कसायची आणि तिच्या पुढच्या व मागच्या टोकाला एकेक डायल गेज टेकवायचा. मग जॅकने दोन-दोन सेंटिमीटर हब वर उचलत दोन्ही आकडे वहीत लिहायचे, सगळ्यात खालच्या लोंबत्या स्थितीपासून ते वरच्या थांब्यापर्यंत. दोन गेजांतला फरक हाच चाकाचा फिरण्याचा हिशेब. त्यानंतर टाय रॉडच्या बाहेरच्या रॉड एंडखाली एक वॉशर वाढवायचा किंवा काढायचा आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. तीन मिलिमीटरच्या एका वॉशरने आख्खा आलेख कसा कलंडतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की रॅकच्या ब्रॅकेटला लांबट भोकं ठेवायची बुद्धी पुढच्या वर्षी आपोआप होते.

कॅम्बरबद्दल इतकं जिवाला लावून घेण्यासारखं काही नाही, असं माझं मत आहे आणि ते सगळ्यांना पटणारं नाही. कमी हवेचा, जाड गुंड्यांचा ऑफ-रोड टायर दोन-तीन अंशांच्या कलाची डांबरावरच्या टायरइतकी पर्वा करत नाही. जमीनही त्याच्याखाली तेवढी हलते. वरचा आर्म खालच्यापेक्षा थोडा आखूड ठेवून चाक दबताना थोडं आत कलू द्यावं, एवढं पुरतं. जास्त लोभ केला तर उडीनंतर दोन्ही चाकं वरच्या थांब्याला टेकतात तेव्हा ती वाजवीपेक्षा जास्त कललेली असतात, आणि नेमका त्याच क्षणी हबवर सगळ्यात मोठा भार असतो.

रोल सेंटरचं तसंच. गाडी वळणात कोणत्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो हा बिंदू. तो वर नेला तर गाडी कमी कलते, पण चाक वर-खाली होताना आडवं जास्त घासतं आणि वळणात गाडी उचलली जायला लागते. डांबरी ट्रॅकवर हा बिंदू चार-पाच सेंटिमीटरमध्ये सांभाळण्यासाठी रात्री घालवाव्या लागतात. ज्या गाडीचं चाक ३० सेंटिमीटर हलतं, तिचं रोल सेंटर एका शर्यतीत असंख्य वेळा जमिनीच्या वर आणि खाली जाऊन येतं. एका स्थिर स्थितीतला त्याचा आकडा रिपोर्टमध्ये शोभतो, गाडीबद्दल फार सांगत नाही. दोन्ही आर्म शक्य तितके लांब आणि जवळजवळ समांतर ठेवले, की ते आपोआप खालीच राहतं. गाडीचं कलणं अँटी-रोल बारने आवरता येतं; घासणारं चाक नंतर कशानेही आवरता येत नाही.

पहिल्या परिच्छेदातला दगड इथे पुन्हा कामाला येतो, कारण बाजूने पाहिलं तर डांबरावरची शिकवण आणि खडकावरची गरज एकमेकांच्या समोर उभ्या ठाकतात. ब्रेक दाबल्यावर नाक खाली झुकू नये म्हणून डांबरावरच्या गाड्यांत आर्मच्या बिजागऱ्यांचे अक्ष बाजूने तिरके ठेवतात. त्याला अँटी-डाइव्ह म्हणतात. त्यासाठी अक्षांना जो कल द्यावा लागतो त्याने बहुधा चाक वर जाताना पुढे सरकतं, म्हणजे दगडाला भिडायला जातं. धक्का सस्पेंशनमध्ये न जाता थेट सांगाड्यात शिरतो. म्हणून वाळवंटी आणि जंगली गाड्यांत उलट करतात: आर्मच्या अक्षाचं पुढचं टोक काही अंश वर, म्हणजे चाक वर जाता जाता मागे हटतं. ब्रेक लावल्यावर नाक जास्त झुकतं, ही त्याची किंमत. शॉकने आणि चालकाच्या सवयीने ती भागवता येते. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष बाजूने मागे कललेला असणं, हाही इथे भरपूर, दहा अंशांच्या आसपास ठेवण्याची रीत आहे. त्याने वाळूत चाकं आपणहून सरळ होतात. स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो तिथून टायरचा मध्य जितका दूर, तितका प्रत्येक दगड चालकाच्या मनगटाला हिसका देतो. त्यामुळे हब शक्य तेवढा चाकाच्या खोबणीत आत घ्यावा.

मागची चाकं हा सगळ्यात गुंतागुंतीचा प्रश्न आहे, कारण तिथे जॉमेट्रीला इंजिनची ताकदही वाहून न्यायची असते. स्वतंत्र सस्पेंशनमध्ये डिफरन्शिअल सांगाड्याला बांधलेलं असल्याने फिरवण्याचा प्रतिजोर सांगाडाच घेतो. आर्मवर चाकाच्या केंद्रातून फक्त पुढे ढकलणारा जोर येतो. त्यामुळे गाडी वेग घेताना मागे बसते की नाही याची रेषा जमिनीवरून न काढता चाकाच्या केंद्रातून काढावी लागते. अखंड ॲक्सलची आकृती उतरवून घेणारे इथे फसतात.

साध्या ट्रेलिंग आर्मचं चाक मागे हटत वर जातं, पण गाडी कलली की तेवढंच कलतं, आणि एकट्या आर्मला पिळाचा सगळा भार पेलावा लागतो. म्हणून आजच्या पोलारिस आरझेडआरसारख्या गाड्यांत एका लांब ट्रेलिंग आर्मच्या जोडीला आडव्या दांड्या असतात. चाकाची पुढची-मागची वाट आर्म ठरवतो, त्याचा कल आणि तोंड दांड्या ठरवतात. दांड्यांची लांबी चुकली, तर मागची चाकं पुढच्यांसारखीच स्टिअरिंग करायला लागतात, आणि ते पुढच्यापेक्षा जास्त भयंकर, कारण चालकाच्या हातात त्याचं काहीच नसतं. दांड्यांचे आतले सांधे शाफ्टच्या आतल्या सांध्याच्या जवळपास आणि लांबी शाफ्टच्या जवळपास ठेवली, तर चाक आणि शाफ्ट एकाच कंसावर फिरतात आणि शाफ्टला आत-बाहेर सरकावं लागत नाही.

तोच शाफ्ट शेवटी प्रवासाची हद्द ठरवतो. वाळवंटी गाड्यांत पोर्शे ९३० वरून आलेले सीव्ही जॉइंट पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. त्यांना साधारण २५ ते ३० अंशांच्या कोनापर्यंत काम करता येतं. त्यापुढे गोळ्या पिंजऱ्याला कापतात, ग्रीस तापून पातळ होतं आणि जॉइंट फुटतो. ८०० ते १००० अश्वशक्तीचा ट्रॉफी ट्रक मागे अजून बहुतांशी अखंड ॲक्सलवर चालतो, याचं मोठं कारण हेच आहे. तिथे कोनाची अडचण नसते आणि जडपणाची किंमत भल्यामोठ्या बायपास शॉकने चुकवली जाते. ज्या दिवशी तेवढी ताकद तेवढ्या कोनात सोसणारे सांधे वजनाच्या मर्यादेत मिळतील, त्या दिवशी तिथलाही कौल बदलेल असं मला वाटतं.

शॉकची जागा हा जॉमेट्रीचाच भाग आहे, हे विद्यार्थी संघ फार उशिरा मनावर घेतात. शॉक आर्मवर चाकापासून जितका आत, तितकं चाकाच्या मानाने त्याचं हलणं कमी, आणि स्प्रिंगचा चाकापाशी उरणारा ताठपणा त्या प्रमाणाच्या वर्गाने घटतो. चाकावर ५५ किलो वजन आणि सेकंदाला दीड दोलनं हवी असतील, तर चाकापाशी मिलिमीटरला सुमारे ४.९ न्यूटन लागतात. प्रमाण ०.६ असेल तर स्प्रिंग १३.६ ची, ०.५ असेल तर १९.५ ची. ब्रॅकेट थोडा आत सरकला आणि स्प्रिंग ४४ टक्के ताठ करावी लागली. शॉक जितका बाहेर नेता येईल तितका न्यावा आणि चाक वर जाताना हे प्रमाण वाढत जाईल असा कल द्यावा. घटत जाणारं प्रमाण म्हणजे ऐन आदळण्याच्या वेळी शॉकने हात आखडता घेणं.

विद्यार्थी हा शब्द आला आहे तर पिथमपूरचा उल्लेख करायलाच हवा. अमेरिकेत १९७६ मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झालेली, विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून उतरवायची बाहा स्पर्धा २००७ मध्ये भारतात आली आणि इंदूरजवळच्या पिथमपूरच्या चाचणी-मैदानात रुजली. पुणे, नाशिक, नागपूर, सांगली-कोल्हापूरकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ तिथे दरवर्षी मोठ्या संख्येने असतात. एकाच चालकाची गाडी, दहा अश्वशक्तीच्या आसपासचं छोटं इंजिन, रुंदी १६२ सेंटिमीटरच्या आत आणि शेवटी चार तासांची सहनशक्तीची फेरी. ताकद सगळ्यांना सारखीच असल्याने गाड्यांतला फरक सस्पेंशनमध्येच पडतो, त्यामुळे हा विषय शिकायला याहून चांगली शाळा नाही. पण तिथली रीत बहुधा उलटी असते. आधी सॉफ्टवेअर उघडून रोल सेंटर आणि कॅम्बरचे आलेख देखणे करायचे, मग रॅक कुठे बसते ते पाहायचं, आणि शाफ्टचा कोन शेवटी कळतो तेव्हा प्रवास कापायचा. याच्या नेमका उलटा क्रम सोयीचा आहे: प्रवास किती, तो शाफ्ट सोसेल का, चाक कुठल्या वाटेने जाईल, टाय रॉड त्या वाटेशी जुळतो का, शॉक कुठे बसेल. एवढं ठरल्यावर कॅम्बर आणि रोल सेंटरला जी थोडी मोकळीक उरते तेवढीच त्यांना द्यावी. या गाड्यांत मागची दोन्ही चाकं बहुधा एकत्र बांधलेली असतात, डिफरन्शिअल नसतं. त्यामुळे वळताना आतलं मागचं चाक हलकं झालं पाहिजे, नाहीतर गाडी नाकासमोर चालत राहते. तेवढ्यासाठी मागचा भाग कलायला पुढच्यापेक्षा ताठ ठेवणं, हा इथला खास धडा आहे आणि डांबरावरच्या कुठल्याही नियमापेक्षा तो मोलाचा आहे.

पुढच्या चाकांनाही ताकद द्यायची झाली तर शाफ्टचा प्रश्न पुढे येतो, आणि जास्त कडक होऊन येतो. चाक लोंबून शाफ्ट २० अंशांत असताना चालकाने ३० अंश स्टिअरिंग वळवलं, तर बाहेरच्या जॉइंटला दोन्ही मिळून जवळजवळ ३५ अंश सोसावे लागतात. म्हणून चारचाकी ताकदीच्या गाडीत पुढचा लोंबता प्रवास पट्ट्याने मर्यादित करतात. कॅन-ॲमच्या नव्या मॅव्हरिक आर मध्ये वरचा आर्म टायरच्या माथ्यापर्यंत उंच नेलेल्या, हब धरणाऱ्या अपराइटला जोडला आहे. दोन सांध्यांतलं अंतर वाढल्याने त्यांच्यावरचा भार घटतो, आणि सांधा झिजल्यावर चाक कमी डगमगतं.

झिजण्याचा हा मुद्दा कुठल्याच आलेखात नसतो. टाय रॉडच्या रॉड एंडमध्ये एक मिलिमीटर ढिलेपणा आला आणि स्टिअरिंग आर्म आठ सेंटिमीटरचा असेल, तर चाक पाऊण अंशाच्या आसपास मोकळं फिरतं. वॉशर लावून लावून मिळवलेली अचूकता चिखल शिरलेला एक सांधा तासाभरात खाऊन टाकतो. तोच आर्म १२ सेंटिमीटरचा केला तर ढिलेपणा अर्ध्या अंशाच्या खाली राहतो. त्यासाठी रॅकचा प्रवास वाढवावा लागतो आणि स्टिअरिंगचे फेरेही. हबवरच्या पट्टीची आणि दोन गेजांची ती मोजणी म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी एकदा आणि चार तासांच्या फेरीनंतर, गाडी धुण्याआधी, पुन्हा एकदा करावी. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले की कुठला आर्म वाकला, कुठला ब्रॅकेट सरकला आणि कुठला सांधा आधी गेला ते कळतं, आणि पुढच्या वर्षीच्या संघाने आखणी कुठून सुरू करायची तेही.